राहीताईचा अंगठा

॥ श्री ॥
सावर्डे,
५ जानेवारी १९८६

ती. राहीताईस,
गंगारामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहितो. तुझा बायकांचा साक्षरता वर्ग जोरात असणार, त्यात भावाची आठवण कुठली! इकडे सगळे बरे. तुझ्या भावजयीचे, तुळसाचे, गुडघे तेवढे चढण दिसली की कुरकुरतात.

मी आता ठेकेदारी सोडावी म्हणतो. तीस वर्षं जांभ्या चिऱ्याची बांधकामं केली, एकट्याच्या जिवावर. ना पेन्शन, ना फंड. बँकेत थोडी ठेव आहे, तीवर दोघांचं भागेल. पूर्वी भिंत ओळंब्यात उतरली की काम संपायचं. आता भिंतीपेक्षा कागदच उंच होतात. बिलातून दोन टक्के कर आधीच कापतात, आणि ठेक्याच्या मालावर विक्रीकरही लागणार म्हणतात. त्यात सरकारनं सवलत काढली आहे की लपवलेलं उत्पन्न मार्चअखेर जो आपण होऊन सांगेल, त्याला दंड नाही. आमचा वाळूवाला मुसा जाऊन सगळं सांगून आला आणि धंदा बंद करून नातवंडं खेळवतो आहे. मलाही जा म्हणत होता. मी हसण्यावारी नेलं.

एक किरकोळ गोष्ट. आयकर कचेरीतून तुला एखादं पाकीट आलं तर न फोडता माझ्याकडे पाठव. काळजीचं काही नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
गंगाराम

॥ श्री ॥
मुरुड,
१५ जानेवारी १९८६

चि. गंगाराम यास,
राहीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद सवयीनं लिहिले. काल संक्रांत झाली, पण या पाकिटात तिळगूळ शोधू नकोस.

तुझं किरकोळ पाकीट तुझ्या पत्राच्या आदल्याच दिवशी आलं. माझा वर्ग चालू होता. मजकूर इंग्रजी, म्हणून जावईबापूंनी तिथंच उभ्यानं वाचून मराठीत सांगितला. राही, राहणार मुरुड, हिनं १९८१ ते ८४ गंगाराम ठेकेदाराच्या कामावर चिरे वाहिले, हजेरीच्या मस्टरवर अंगठा देऊन मजुरी घेतली, तरी तिनं तीन फेब्रुवारीला रत्नागिरीस हजर राहावं. त्या वेळी मी हौसाच्या पाटीवर तिचं नाव काढून देत होते. अंगठा सोडून तिनं सहीवर यावं म्हणून तीन महिने तिच्यामागे लागले आहे. तिनं मला विचारलं की बाई, तुम्ही पण अंगठेवाल्याच होतात काय गो? बायका हसल्या. जावईबापू हसले नाहीत, ते जास्त लागलं. लेकीच्या घरी राहणाऱ्या बाईला मान किती जपावा लागतो, हे तुला सांगायला नको.

तुझा एक तरी चिरा मी कधी उचलला का? माझ्या नावापुढे हे कसं आलं, ते सरळ लिही. लहानपणी पेरू चोरलेस की माझ्या परकरामागे लपायचास, तसं आता चालणार नाही.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.

तुझी ताई

॥ श्री ॥
सावर्डे,
१९ जानेवारी १९८६

ती. ताईस,
सा. न. कोणत्या तोंडानं लिहू? तरी वि. वि.

नफा कमी दिसावा आणि कर कमी बसावा म्हणून मजुरी जास्त दाखवायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. कामावर चाळीस माणसं असली की मस्टरवर सत्तेचाळीस. वरची सात नावं घरचीच घालायची, कारण परका माणूस उद्या येऊन दारात उभा राहतो. आपला वारलेला मामा आहे त्यात, तुळसाच्या माहेरचे आहेत, आणि तू आहेस.

शनिवारी घरी बसून मस्टर भरायचो. तुझी सही मला पाठ आहे, पण तिची नक्कल करायला हात धजेना. म्हणून तुझ्या नावापुढे अंगठा उमटवला. तेव्हा वाटलं, मी तुझी अब्रूच राखतो आहे. ताई, तू मला चुलीतल्या कोळशानं जमिनीवर ग म भ न काढून दिलंस आणि मी तुलाच अंगठेबहाद्दर केलं. आयकराच्या साहेबांनी मजुरांचे पत्ते मागितले, तेव्हा खोट्या नावांतला तुझाच एक पत्ता खरा होता. तू सांभाळून घेशील असं गृहीत धरून तो दिला.

अजूनही मागतोच आहे. तीन तारखेला एवढं एकदा हो म्हण. नाही म्हणालीस तर सातही नावं फुटतील, मागचा कर आणि दंड बसेल, प्रसंगी खटला, आणि ठेव त्यात जाईल. हो म्हणालीस तर मार्चला धंदा बंद करून घरी बसतो. मी बरोबर आलो तर पढवून आणल्यासारखं दिसेल, म्हणून येत नाही.

लोभ मागायचा हक्क उरला नाही, तरी मागतो.

गंगाराम

॥ श्री ॥
मुरुड,
५ फेब्रुवारी १९८६

चि. गंगारामास आशीर्वाद. वि. वि.

परवा जाऊन आले. घरी सांगितलं की पाकिटाचं तू मिटवलंस, मी डोळे दाखवायला जाते. या वयात लेकीशी खोटं बोलले.

साहेब तरुण, बोलायला मऊ. बसायला खुर्ची दिली. मी हो म्हटलं. चिरे वाहिले, रोज वाहिले, मजुरी पोचली. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. मी ते बाजूला सारलं आणि मला लिहिता येत नाही असं सांगितलं. गंगाराम, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मग त्यांनी शाईचा पॅड मागवला आणि मी अंगठा दिला.

साहेबांनी तो कागद तुझ्या मस्टरशेजारी ठेवला आणि हळूच म्हणाले की आजी, मस्टरवरच्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे, तुमच्या अंगठ्यावर नाही. मी वाकून बघितलं. तुळसाचा अंगठा विळीवर कापला होता तेव्हा त्यात हळद मीच दाबली होती. अंगठा तिचा घेतलास हे तू लिहिलं नाहीस, आणि मला विचारायचं सुचलं नाही. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

मग मी पेन मागितलं. मी कधीही चिरे वाहिलेले नाहीत, असं स्वतःच्या हातानं लिहून खाली पूर्ण सही केली. तुला वाचवायला गेले आणि बुडवून आले. आणि खरं सांगू? सही करताना माझा हात जराही कापला नाही. भाऊ बुडत होता आणि मला हलकं वाटत होतं, याचीच लाज वाटते. वर्ग दोन दिवस बंद ठेवला आहे. शाई अजून गेलेली नाही, हौसासमोर पाटी कशी धरू?

रागाव, पण अबोला धरू नकोस.

ताई

॥ श्री ॥
सावर्डे,
१३ फेब्रुवारी १९८६

ती. ताईस,
गंगारामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

रागवायचं कुणी आणि कुणावर! तुझं पत्र सोमवारी आलं. मी मोठ्यानं वाचलं, तुळसा अंगठा पदरात लपवून ऐकत होती. तिला मी सक्तीनं बसवायचो, तिचा दोष मानू नकोस. मंगळवारी दोघं रत्नागिरीला गेलो आणि सगळं सांगितलं.

सवलत आपण होऊन सांगणाऱ्याला होती. माझं बिंग फुटल्यावर मी गेलो, त्यामुळे मुसासारखं सुटणं माझ्या नशिबी नाही. कर पुरा भरायचा, दंड साहेब ठरवतील. ठेव मोडणार. म्हणजे घरी बसणं आणखी चार-पाच वर्षं तरी नाही. मिरजोळीला एका कुंपणाचं काम मिळतं आहे, ते घेतो.

जावईबापूंना वेगळं पत्र टाकलं आहे. हे सगळं माझं कृत्य, तुझा त्यात काडीचा संबंध नाही, असं त्यात लिहिलं आहे. ते वर्गात बायकांसमोर वाचून दाखवा अशी विनंतीही केली आहे. मला नावं ठेवू देत, बिघडत नाही.

साहेबांनी ती सात नावं माझ्याकडून एका कागदावर उतरवून घेतली. पुढे तीन रकाने होते. काम केलं का, मजुरी दिली का, ठेकेदाराशी नातं काय. तुझ्या नावापुढे दोनदा 'नाही' लिहिलं. ते नीट आलं.

लोभ असेल तर दोन ओळी पाठव, नसेल तरी पाठव.

तुझा,
गंगाराम

ता. क. तुझा हात कापला नाही, ते बरं झालं. तिसऱ्या रकान्यात 'मोठी बहीण' लिहिताना माझा इतका कापला की साहेबांना वाचता येईना. त्यांनी ते खोडून पुन्हा लिहायला लावलं.