शत्रूचा गॅस पुढे ढकलताना

१७ ऑक्टोबर २०२४

सकाळी अकराला तीन नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडला. भोंगा वाजला आणि माझे हात आपोआप चालले. झडपा, तेल, परत चालू — चार मिनिटं! इतक्या लवकर आजवर कुणी उठवला नव्हता, असं आमचे मुख्य बोहदान युखीमोविच म्हणाले. मी खूश. कँटीनमध्ये बोर्श्च सूपचा दुसरा वाडगा घेतला.

घरी बूट काढताना डोक्यात प्रकाश पडला. तो कॉम्प्रेसर पाइपातून जो गॅस पुढे ढकलतो, तो रशियाचा आहे. आमच्या युक्रेनमधून तो युरोपात जातो, तिकडून रशियाला पैसे जातात, पैशांचे तोफगोळे होतात आणि ते माझ्या लेकाच्या, झेन्कोच्या खंदकावर पडतात. तासभर चाचपडत बसले असते तर? कुणी काही विचारलंही नसतं. पण नाही, मला हुशारी दाखवायची होती.

१८ ऑक्टोबर

डोळ्याला डोळा नाही.

२२ ऑक्टोबर

युखीमोविचना विचारलंच. आपण हे बंद का करत नाही?

"स्तेफा, करार सरकारचा आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत. आधी तोडला तर गॅस घेणारे देश आपल्यालाच नावं ठेवतील. मग शस्त्रं कोण देईल?"

म्हटलं, माझा मुलगा तिकडे आहे.

"माझा पुतण्या होता," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी आकडे लिहायला घेतले.

९ नोव्हेंबर

अंगणात कोबी चिरत होते, पिंपात खारवायला. शेजारची पारास्का कुंपणावर रेलली. "काय गं, ढकललास का आजचा गॅस? लेक चिखलात बसलाय आणि आई त्यांच्या तोफा भरतेय. धन्य आहे बाई तुझी."

तिचा राग नाही आला. खरं बोलली, त्याचा आला. बोट कापून घेतलं.

१४ नोव्हेंबर

राजीनामा लिहिला. फाडला. मी गेले तर माझ्या खुर्चीत दुसरी कुणी बसेल. गॅस जायचा तो जाणारच.

२ डिसेंबर

झेन्कोचा फोन! दोन मिनिटं. त्याला सगळं सांगून टाकलं, त्या चार मिनिटांचंही. हसत सुटला. "आई, तासभर थांबून तू काय लढाई जिंकणार होतीस? मोजे पाठव. लोकरीचे, जाड."

मोजे म्हणे! विणायला बसले. दुसरं काय आहे माझ्या हातात?

२४ डिसेंबर

नाताळची आदली संध्याकाळ. कुत्या केली — गहू, खसखस, मध. जेवण झालं की मेलेल्यांसाठी थोडी ठेवायची, सोबत चमचे. आईचा ठेवला, नवऱ्याचा ठेवला. झेन्कोचा चमचा मात्र दुपारीच कपाटात कुलूपबंद केला. चुकूनसुद्धा त्यांच्यात जायला नको.

१ जानेवारी २०२५

सकाळी सातला गॅस बंद झाला. करार संपला. आम्ही सगळे कंट्रोल रूममध्ये उभे होतो, दाबाचा आकडा उतरताना बघत. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. कॉम्प्रेसरची घरघर थांबली तर कान दुखायला लागले. युखीमोविच म्हणाले, "झालं एकदाचं," आणि कोट घालून बाहेर गेले.

मी मात्र पोटभर रडले. घरी आले तर पारास्का वरेनिकीची, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांची, ताटली घेऊन दारात उभी. ताटली हातात दिली आणि गेली. आता काहीही होवो, माझ्या हातून तरी होणार नाही.

५ जानेवारी

झेन्कोला काल लागलं. उखळी तोफेचा गोळा. डावा पाय गुडघ्याखाली गेला. जीव वाचला.

फोनवर त्याचा आवाज झोपेत असल्यासारखा. "आई, सोबत्यांनी गोळ्याचं शेपूट उचलून आणलंय. बनवल्याचं साल आहे त्यावर. दोन हजार चोवीस."

गेल्या वर्षी मी एकही रजा घेतली नव्हती.