विहिरीवर पवनचक्की बसवल्याची हकिकत

तिकोणा पेठ,
वैशाख शुद्ध पंचमी, सन १९६६

रा. रा. श्रीपतीदादांस महिपतीचा राम राम.

इकडे मी खुशाल आहे, निदान पत्र लिहायला बसलो तेव्हा तरी होतो. आपल्या गुडघ्याचं कसं काय? घोरावाडीला गाडीतून उतरताना तो कुरकुरतो, असं मागं आपण लिहिलं होतं. वहिनींचा खोकला थांबला असेल. आमची मंडळी, म्हणजे आपली धाकटी बहीण बयाबाई, शिमग्यापासून आपल्याकडे आहे. तिचा उजवा खांदा आता वर जातो का, ते कळवावं. (मी तिलाच विचारलं असतं, पण तिला लिहितावाचता येत नाही आणि मला समोरासमोर विचारता येत नाही. अशी आमची जोडी.)

खांद्याचं कारण आपण जाणताच. मी नोकरीतून मोकळा होऊन इथं चढावर घर बांधलं. हवा उत्तम, किल्ला समोर. फक्त विहीर अशी खोल, की उन्हाळ्यात पाणी दिसतं ते आरशाच्या तुकड्याएवढं. ते रहाटानं ओढायचं काम बयाबाईकडे होतं आणि हवेचं कौतुक करायचं काम माझ्याकडे. शिमग्यात तिचा खांदा धरला. ती भांडली असती तर बरं होतं, भांडणाला उत्तर देता येतं. ती एवढंच म्हणाली, "हिरीवर यंत्र बसंल तवा निरोप धाडा," आणि लोकल धरून आपल्याकडे आली. तेव्हापासून मी पंपाच्या मागे आहे.

विजेचा पंप बसवावा तर वीज नाही. खांब कामशेतपर्यंत आलेत आणि पुढचा डोंगर बघून तिथंच थबकलेत. तेव्हा मी पुण्याला जाऊन हातपंप आणला. दुकानदारानं विचारलं होतं, पाणी किती खाली आहे? मी जरा अभिमानानंच म्हणालो, "आमची विहीर चांगली आहे." त्यानं बिचाऱ्यानं मान डोलावली. पंप बसवला, दांडा हलवला. आतून म्हातारं माणूस घसा खाकरतं तसा आवाज आला आणि पुढं काहीच नाही. मी सकाळभर दांडा हलवला. येणारे जाणारे थांबून बघायला लागले, तशी मी व्यायाम करतोय अशी मुद्रा केली. नंतर समजलं, की हा पंप पाणी वरून ओढून घेतो आणि पंचवीसेक फुटांच्या खालचं पाणी त्याला ओढता येत नाही. आमचं पाणी त्याच्या दुप्पट खाली. पंपाची काही चूक नव्हती, चूक माझ्या अभिमानाची.

मग शेजारचे कोंडाजी आले. कोंडाजींचं एक तेलावरचं इंजिन गोठ्यात पडून असतं आणि ते त्याच्याबद्दल विकायच्या म्हशीसारखं बोलतात. म्हणाले, "महिपती, तू रेल्वेतला माणूस. इंजिन तुला काय सांगायचं?" (दादा, मी लोणावळ्याला सगळी नोकरी पार्सल हापिसात काढली. इंजिनाशी माझा संबंध एवढाच, की ते आलं की माझ्या कागदांवर कोळसा पडायचा. पण गावात हे कुणाला पटत नाही आणि खरं सांगायचं तर मीही फार पटवून देत नाही.) चार गडी लावून, दोर बांधून ते इंजिन आणि त्याचा पंप विहिरीच्या आत पाण्याजवळच्या टप्प्यावर उतरवला. कोंडाजींनी हॅंडल मारलं. विहिरीतून असा काळा धूर निघाला, की खालच्या वाडीतले लोक आग लागली म्हणून धावत आले.

आणि दादा, पाणी आलं. मांडीएवढ्या धारेनं आलं. अंगणातून वाहत कोंडाजींच्या बांधावरून खाली गेलं. मी खुशीत उभा होतो. आता निरोप पाठवावा, असं मनात चाललं होतं. कोंडाजींची एक बिडी संपली नाही तोवर धार गढूळ झाली, मग चिखल आला, मग एक बेडूक आला, आणि मग नुसती हवा. विहीर रिकामी. एवढ्यात ठाकरवाडीच्या बाया हंडे घेऊन आल्या. त्यांचं पिण्याचं पाणीही याच विहिरीचं. पुढं सावित्राबाई होती. तिनं आत वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमी पानी काढलं का हीर पळवली?"

विहीर भरेपर्यंत सगळी वाडी खाली पवना नदीवर पाण्याला गेली आणि लाजेकाजेनं मीही खांद्यावर घागर घेऊन त्यांच्यामागे गेलो. उतरताना काही वाटलं नाही. चढताना मात्र बयाबाईच्या खांद्याची पुष्कळ माहिती मिळाली. घरी येऊन विहिरीच्या काठावर बसलो. आत बघतो, तर कपारीतून करंगळीएवढी धार येत होती. ही विहीर देते ती अशी, सावकाश. मग घेणारानंही सावकाशच घ्यावं, असं माझ्या मनात आलं.

तेव्हा मला लोणावळ्याची पवनचक्की आठवली. स्टेशनामागं मुंबईच्या एका डॉक्टरांचा बंगला आहे, त्याच्या बागेत ती फिरायची. ती विहिरीचं पाणी उपसते, हे मला नोकरीभर माहीत नव्हतं. वारा कुठून येतो ते बघायला साहेबलोकांनी लावली असेल, असं वाटायचं. चौकशीला गेलो. बंगल्यात विजेची मोटर आल्यामुळं चक्की उतरवून ठेवली होती आणि तिची अडचणच होत होती. डॉक्टर म्हणाले, खुशाल न्या. कोंडाजींनी बैलगाडी दिली. (इंजिनाबद्दल ते अजून माझ्यावर रागावलेले आहेत. त्यांच्या मते इंजिन उत्तम होतं, विहीर कमी पडली.)

खांब उभा केला, दांडी विहिरीत सोडली, तळाशी पाण्यात तिचा पंप बसवला. पश्चिमेकडून घाटावरचा वारा आला आणि चाक फिरलं. फार नाही, एका फेऱ्याला तांब्याभर पाणी. पण चाक फिरत राहिलं आणि दिवेलागणीला घराजवळची टाकी काठोकाठ भरली. वाडीच्या बायांनी हंडे भरून नेले. सावित्राबाईनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं आणि म्हणाली, "ग्वाड हाय. बया मावशीला कळवलं का?"

तर असं यंत्र बसलं आहे. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांना जे शोभेल ते.

आपला,
महिपती

ता. क. : इंजिनाचा आणि बेडकाचा मजकूर बयाबाईला वाचून दाखवू नये.

ता. क. दुसरा : आपण पत्र ओसरीवर बसून मोठ्यानं वाचता, हे मला आत्ता आठवलं. तेव्हा वरचा ता. क. रद्द समजावा. बयाबाई, आता सगळं ऐकलंसच तर पुढचंही ऐक. चक्की बसून बरेच दिवस झाले. दुसऱ्याच दिवशी वारा पडला, तो अजून आलेला नाही. वारा आला की निरोप धाडू, म्हणून थांबलो होतो. सध्या पाणी रहाटानंच निघतं आणि ते मीच ओढतो, आपलंही आणि सावित्राबाईच्या म्हाताऱ्या सासूचंही. तू रहाटाला हात लावायचा नाहीस. पाण्यासाठी बोलावत नाही. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून बोलावतो.

ता. क. तिसरा : दादा, ती नाही म्हणाली तर पत्रानं कळवू नका, आपणच या. चाकाला वंगण द्यायला वर चढावं लागतं आणि खाली शिडी धरायला घरचं माणूस असलेलं बरं. हो म्हणाली, तरी या. कौलं शाकारताना बघितलंय, ती शिडी धरून उभी असली की मला वर फार वेळ लागतो. ती खालून एकेक सांगत राहते.