बुधवारची सही

नाशिक,
९ जानेवारी २००२, बुधवार

मोहिनीताईस,

मी संध्या. मामा-मामींच्या पाया पडते. इकडं लय थंडी हाय, भांडी घासताना बोटं वळत नाय. हरसूलला तर आणखी असंल. मामीचा खोकला कसा हाय?

कमळाबाई दिंडोरीहून परत आल्या. लेकीला मुलगा झाला. सगळ्यांना सांगतात, "पोर बापासारखं दिसतं, पण जिद्द माझी हाय, पहिल्याच दिवशी नर्सला लाथ मारली." आता स्वयंपाक त्याच बघतात, मी हाताखाली.

तुझी कॉट तशीच हाय. सायली त्यावर वह्या ठेवते. मी आता वर होस्टेलात जात नाय, स्वयंपाकघरामागच्या खोलीतच बसते. तू मला आठवीचं गणित शिकवत होतीस ते पुस्तक हाय माझ्याकडं, पण एकटीनं उघडवत नाय. दिवसभर माझ्याशी "संध्या, पीठ" आणि "संध्या, पाणी" एवढंच बोलतात. पहिलेपण एवढंच बोलायच्या, पण तेव्हा तू होतीस.

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख अठरा हाय. बोर्डावर लावलंय. मी दोनदा वाचलं, अठराच हाय.

ताई, नुसतं फॉर्मचं सांगायला लिहीत नाय.

तो बुधवार. तुम्ही काम करून शिकणाऱ्या सात जणी, काम चार तास आणि हजेरीच्या वहीत दोनच तास. म्हणून तुम्ही ठरवलं, त्या संध्याकाळी कोणीच चपात्या लाटायच्या नाय, जेवण अडलं की होस्टेलच्या मॅडम तासांचं बोलायला येतील. हे मला मागून कळलं. तू मला एवढंच म्हणली होतीस, "तू यात पडू नको, तुझं काम जाईल." तूच मला इथं कामाला लावलंस, तुला काळजी. बाकीच्या सहा जणी बाहेर गेल्या. तू अर्ज घेऊन मोठ्या सरांच्या ऑफिसात एकटीच वाट बघत बसली होतीस, सर आलेच नाय. कमळाबाई लेकीकडं.

पाच वाजता मी आत गेले तर शेगडी बंद. फळ्यावर तुझं नाव, बुधवार तुझा वार. आपल्याकडं भाताच्या आवणीला एखादं माणूस आलं नाय तर त्याचं वावर तसंच ठेवतात का? सावडीतली बाकीची माणसं त्याची रोपं लावून देतात, आणि बोलूनपण दाखवत नाय. माझ्या डोक्यात तेच. म्हटलं ताई कुठं अडकली असंल, उगाच खाडा पडंल. सगळ्या पोरींच्या चपात्या मी एकटीनं लाटल्या. मग वही उघडली आणि तुझ्या नावापुढं तुझी सही केली. मला येते ती. तुझ्याशेजारी गणितं करताना कितीदा गिरवली, तुला म्हाईत नाय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही सगळ्यांपुढं धरली. "तुमची पुढारीण तर काम करून गेली. तुम्ही कोणासाठी बसलात?"

सायली तुला म्हणली, "आम्हाला बाहेर पाठवून तू पीठ मळलंस होय गं?"

तू सांगत होतीस, ही माझी सही नाय. कोणाला खरं वाटलं नाय. मी तिथंच लसूण सोलत होते. तू माझ्याकडं बघितलंपण नाय, माझा संशय तुला येणारच नव्हता. लसूण संपला तरी मी सालं चिवडत बसले. सगळ्या मुकाट कामाला लागल्या, वहीत दोनच तास, आणि तुझ्याशी बोलणं बंद.

तू पेटी घेऊन एसटीला निघालीस तेव्हा मी पेटीला हात लावला. तू म्हणलीस, "तू तरी हायेस." तेव्हापासून मला जेवण जात नाय.

परवा सोमवारी मी सायलीला सांगितलं. ती कपडे पिळत होती. मी तिच्या बादलीकडं बघून बोलले. तिनं पिळा बादलीत टाकला. मग म्हणली, "एवढे दिवस तोंडात काय धरलं होतंस?" पुढं म्हणली, "करून दाखव सही." मी तिच्या वहीवर केली. तिनं बाकीच्यांना हाका मारल्या, मग माझं मनगट धरून मॅडमकडं नेलं. मॅडम म्हणल्या, खोट्या सह्या करणारी मला नको, महिना संपला की जा. कमळाबाईंनी मला येडी म्हटलं आणि आपल्या ताटातलं पिठलं माझ्या ताटात टाकलं.

तुझं नाव आता मोकळं झालं, ताई. सहाही जणींना म्हाईत हाय.

आज त्या पुन्हा काम थांबवून बसल्यात, पुढच्या पायरीवर. सायली अर्ज लिहिते, पहिलं नाव तुझंच टाकलंय. मला कोणी बोलावलं नाय. मीपण गेले नाय. कमळाबाईंनी विचारलं, "कणीक मळतेस का?" मी नाय म्हटलं. असं मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. त्या चप्पल घालून बाजारात गेल्या. स्वयंपाकघरात मी एकटीच हाय, शेगडी बंद हाय. फळ्यावर बुधवारपुढं तुझं नाव हाय आणि आज तुझं काम तसंच पडून राहणार हाय.

हे पत्र हरसूलच्या गाडीच्या कंडक्टरकडं देते, म्हणजे उद्या मिळंल. अठराच्या आधी ये. फॉर्म भर. मी महिनाअखेरपर्यंत हाय, पण मागच्या खोलीत माझ्याकडं यायलाच पाहिजे असं नाय.

शेवटी 'तुझीच' लिहितात. ते लिहायला हात होत नाय.

संध्या