नाव न घेता

सोमवार, ता. ९

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

एकाच गल्लीत राहून पत्र लिहितेय, कारण समोर आलास तर माझ्या तोंडाला लगाम राहणार नाही.

घरोघरी लहान गट करा, शेजाऱ्यांना बोलवा, येशूची सुवार्ता अशीच पसरते, हे पाळक म्हणून तूच सांगितलंस. मी शिवणयंत्र भिंतीला सरकवून दर बुधवारी सहा खुर्च्या मांडल्या. चर्चची पायरी कधी न चढलेली माझी शेजारीण, ती बस चालवते ती, चौथ्या बुधवारी बोलती झाली. रागाच्या भरात लेकीला घराबाहेर काढलं आणि पाच वर्षं तिचा पत्ता नाही, हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. तू तिच्यासाठी प्रार्थना करावीस म्हणून मी ते तुझ्या कानावर घातलं. तेही चुकलंच माझं. पण तू काल उपासनेत गटांच्या यशाचा दाखला म्हणून सगळ्यांना ऐकवलंस! आज डेपोत लोक तिला खोदून खोदून विचारत होते. तिने माझ्या तोंडावर दार लावलं.

तुझी,
ताई

गुरुवार, ता. १२

ती. ताईस सप्रेम सलाम वि. वि.

मी तिचं नाव घेतलं नव्हतं. ते ऐकून दोन घरांनी नवे गट सुरू करायची तयारी दाखवली, हे तुला दिसत नाही. लहानपणापासून तू राईचा पर्वत करतेस. भाऊजींचा खोकला कसा आहे? लोभ आहेच, तो कमी करू नये.

तुझा,
धाकटा

शनिवार, ता. १४

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आज राखून ठेवलेत. खोकला बरा आहे, डोकं माझं ठणकतंय.

बस चालवणारी बाई या वस्तीत एकच आहे. नाव कशाला घ्यायला हवं? बाबा अंथरुणाला खिळले, माणसं ओळखेनासे झाले तेव्हा तू सुवार्तेच्या दौऱ्यावर अडकलास, असं सगळी मंडळी समजते. तू घाबरून आला नाहीस, हे मला एकटीला ठाऊक आहे. अकरा वर्षं हे मी कुणाजवळ बोलले नाही. बुधवारी गटात सांगू? नाव न घेता, एका पाळकाची गोष्ट म्हणून?

सांगणार नाही. पण हे वाचताना तुला जे वाटलं ना, ते ती आठवडाभर सोसतेय.

ताई

गुरुवार, ता. १९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल तिच्या दारात उभं राहून क्षमा मागितली. तिने केली नाही. चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही, म्हणाली. मग बाबांचं मीच तिला सांगितलं. कसली भीती वाटली, एवढंच तिने विचारलं. बाबा मला ओळखणार नाहीत याची, म्हणालो. लेक ओळखेल का, हीच आपलीही धास्ती आहे, असं ती म्हणाली, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

रविवारी माझी चूक सगळ्यांसमोर कबूल करणार आहे. फक्त माझी. तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

लोभ ठेवणं जमेल तेव्हा ठेव. तोवर राग तरी असू दे.

तुझा,
धाकटा