कुशाचं सोडियम

१२ मे, सोमवार

कुशाला झटका आला! भाकरी थापता थापता हातपाय ताठ, दातखीळ बसली. इंद्रजितनं गाडी कोऱ्हाळ्याहून थेट बारामतीला आणली. आयसीयूत घेतलंय. डॉक्टर मेघनाबाई म्हणाल्या, रक्तातलं सोडियम एकशे आठ — एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. म्हणजे अंगातलं मीठच उतरलं.

"आबा, बायकोला अळणी जेवण देताय म्हणालात, ते कधीपासून? त्यावर सलाईनचा वेग ठरतो."

पोरगा इंद्रजित शेजारी उभा. सून सुप्रिया माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "परवापासून."

खोटं! पाडव्यापासून. तिचं बीपी वाढलं म्हणून मीच मीठ तोडलं, वर रोज उठल्या उठल्या तीन तांबे पाणी. पुस्तकं वाचून औषध सांगणारा मी — गाव 'डॉक्टर आबा' म्हणतं. कुशा कुरकुरायची, "अवो, घास तोंडातल्या तोंडात फिरतोय." मी म्हणायचो, "होईल सवय."

पोरासमोर लाज वाटली. एवढंच.

१३ मे

सकाळी सोडियम एकशे वीस. इंद्रजित खूश — "चढतंय, आबा!"

सुप्रिया डबा घेऊन आली. जिन्यातच गाठलं मला. "तुमी सांगताय, का मी सांगू?"

सांगितलं. मेघनाबाईंचा चेहरा उतरला. "दीड महिना? आबा, मेंदू तेवढ्या कमी मिठाला सरावलेला असतो. मग जपून, थेंबाथेंबानं चढवायचं. एकदम चढलं की इजा होते." ते सलाईन थांबवलं. आता दुसरं लावलंय — चढलेलं थोडं खाली आणायला.

इंद्रजित माझ्याशी बोलेना.

१४ मे

डोळे उघडले! मला बघून म्हणाली, "दाढी का न्हाय केली? कोण मेलंय?" नर्स हसली.

मी कान धरले. सगळं कबूल केलं. म्हणाली, "घरी गेल्यावर ठेचा खानार. तुमच्या म्होरं बसून."

खा बाई. परातभर खा!

१५ मे

मेघनाबाई म्हणतात, मेंदूची इजा उशिरा दिसते, अजून चार-सहा दिवस धोका आहे. कुशा एवढी बोलतेय, कसला धोका?

इंद्रजितनं चहा आणून दिला. बोलला नाही, पण आणला.

१७ मे

सकाळपासून कुशाला पाणी गिळंना. जीभ वळंना. बोलायला जाते तर नुसता आवाज. डोळे मात्र माझ्यावरच — सगळं कळतंय तिला.