घरीच पडलो, साहेब

आप्पा, तुम्ही परांचीवरून पडलात त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. विषय निघाला की तुम्ही चहा मागायचात. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की मी बिनधास्त बोलू शकते, आणि मला जे बोलायचं आहे ते गोड नाही.

मी सातवीत होते. नागपुरात एका फ्लॅट स्कीमचं काम चाललं होतं आणि तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बाहेरून गिलावा करत होतात. पायाखालची फळी सरकली. आई आणि मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा बिल्डर शेठचा सुपरवायझर आमच्याही आधी तुमच्या उशाशी उभा होता. एवढी तत्परता त्याने फळी बांधताना दाखवली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्याने तुमच्या कानात काय सांगितलं ते लगेच कळलं. डॉक्टरांनी मान खाली घालून, लिहिता लिहिता विचारलं, कसं लागलं, आणि तुम्ही म्हणालात, "घरीच पडलो, साहेब. छपरावरून." आपल्या घरावर टिनाचे पत्रे होते, त्यांवर मांजरसुद्धा विचार करून पाय टाकायचं. मी म्हटलं, नाही, ते बिल्डिंगवरून पडले. कंबरेचं हाड मोडलं होतं, घामाने अंग भिजलं होतं, तरी माझ्यावर आवाज चढवायला तुमच्यात ताकद होती. "मोठ्या माणसाच्या मधात बोलू नको," म्हणालात. डॉक्टरांनी मान वर केली नाही. छप्पर लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

काही दिवसांनी शेठने मिक्सर पाठवला. आई पाट्यावर मिरची वाटायची त्या स्वयंपाकघरात तो पांढराशुभ्र मिक्सर सगळ्यात वरच्या फळीवर बसला, कारण आपल्याकडे संध्याकाळी वीज इतकी कमी यायची की तो नुसता हुंकार द्यायचा. आल्यागेल्याला तुम्ही तो दाखवायचात. शेठ देवमाणूस आहे, म्हणायचात. त्या देवमाणसाने तुम्हाला पुन्हा कामावर घेतलं नाही. तुमचा एक पाय आखूड झाला होता, घेणार कशाला? आई लोकांची धुणीभांडी करू लागली आणि तुम्ही खाटेवर बसून त्याची तारीफ करत राहिलात. कामावर जखमी झालेल्याला मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा तेव्हाही होता, आप्पा. वस्तीतल्या मास्तरांनी घरी येऊन तो तुम्हाला समजावून सांगितला, अर्ज मी लिहितो म्हणाले. ज्यांनी उभं आयुष्य आपल्याला हक्काने मागायला शिकवलं त्यांचा फोटो तुमच्या डोक्यावर भिंतीला होता. त्या फोटोखाली बसून तुम्ही मास्तरांना सांगितलंत, खाल्ल्या मिठाला जागावं लागतं. लोकांना वाटायचं मला तुमची दया येते. मला तुमची किळस यायची.

हे सगळं मागे टाकून मी काँक्रीटवर पीएचडी करायला जर्मनीत, कार्ल्सरूहेला आले. दोन हजार पाच-सहा साल असेल. इथल्या मराठी मंडळींत पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला होता, आमच्यापेक्षा वयाने बराच मोठा, सगळे त्याला दादा म्हणायचे. गावाबाहेर त्याचं घर बांधणं चाललं होतं आणि शनिवारी तो आम्हाला जेवायला बोलावून बांधकाम दाखवायचा. जर्मन कारागीर कसे लुबाडतात आणि आपण कसा एका पंजाब्याला धरून स्वस्तात गिलावा करून घेतोय, हे वहिनींच्या हातचे साबुदाणावडे खाता खाता सांगायचा. तो पंजाबी चाळिशीचा गृहस्थ होता. देशात राहण्याचे त्याचे कागद रीतसर होते, या कामाची मात्र कुठेही नोंद नव्हती. घर बांधणाऱ्याने हाताखालच्या माणसांची नोंद अपघात-विम्याकडे करायची असते. त्याला एक दुपारसुद्धा लागत नाही. पण दादाला ओट्याचा दगड निवडण्यातून सवड झाली नव्हती. मला बघून तो म्हणायचा, तुझे वडीलही याच लाइनमध्ये होते ना, आणि मग वडा पुढे करायचा.

एका शनिवारी सिमेंटची पोती वर घेण्यासाठी परांचीचा कठडा काढला होता, तो कोणी परत लावला नाही. आम्ही आत जेवत असताना तो माणूस पडला. टाचेचा चुरा झाला होता. वहिनी हळदीचं दूध घेऊन धावल्या. दादाने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली नाही. गाडीच्या मागच्या सीटवर आधी जुनी चादर टाकली, सीट खराब होऊ नये म्हणून, मग त्याला बसवलं आणि मला सोबत घेतलं. वाटेत मला मराठीत, म्हणजे मागच्याला कळू नये म्हणून, म्हणाला, "आल्झो, हे बघ, तो घरी जिन्यावरून पडला असं तू सांग. तुझं जर्मन चांगलं आहे. कामावर म्हटलं की उगाच आन्मेल्डुंग, नोंदणी वगैरे सगळं निघतं. मी बघतो ना त्याचं सगळं." दादाचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. खोटं बोलायलासुद्धा त्याला माणूस लावायचा होता, तोही फुकट.

मी मागे वळून त्या माणसाला हिंदीत सगळं सांगितलं. आमच्या लॅबमध्ये बोट कापलं तरी अपघाताच्या डॉक्टरकडे पाठवायचे, त्यामुळे मला हे ठाऊक होतं. नोंद नसली तरी काम करताना पडलेल्याला इथे विमा मिळतो. उपचार होतात, घरी बसावं लागलं तर त्या काळाचे पैसे मिळतात, पाय अधू राहिला तर पेन्शन मिळते. नोंद का केली नाही, याचा जाब मालकाला विचारतात. घरी पडलो म्हणालात तर यातलं काही नाही. दादा काच खाली करून बाहेर बघत होता. तो माणूस दातओठ आवळून म्हणाला, "रहने दीजिए, बहनजी. साब अच्छे आदमी हैं. खाना खिलाते हैं." घ्या. इतक्या लांब आले तर इथेही तुम्हीच मागच्या सीटवर बसलेले. त्या क्षणी मला दादापेक्षाही त्याचा जास्त तिटकारा आला.

दवाखान्यात पन्नाशीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, कुठे पडलात? तो म्हणाला, घर पर. मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. दादा लगेच म्हणाला, "गेनाऊ, बरोबर, जिन्यावरून." बाईंनी त्या माणसाच्या विजारीवरचा ओला गिलावा पाहिला, दादाचे स्वच्छ बूट पाहिले, आणि आपण यांचे कोण, असं दादाला विचारलं. दादाने खिशातून फोन काढला. बाईंनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि तो फोन कानाला लावून निघून गेला, फोन वाजलेला नसताना. मग बाई स्टूल ओढून त्या माणसासमोर बसल्या, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाल्या, "मी परत विचारते. घाई नाही. कुठे पडलात?" मी तो प्रश्न हिंदीत सांगितला. बराच वेळ तो गप्प बसून होता. मग माझ्याकडून वदवून न घेता स्वतःच जर्मनमध्ये म्हणाला, "बाउश्टेले." बांधकामावर. हाताने परांची दाखवली, कठडा कुठे नव्हता तेही दाखवलं.

पुढे सगळं कायद्याने झालं. टाचेत धातूच्या पट्ट्या बसल्या, महिनोन् महिने व्यायाम झाले, घर चालेल एवढे पैसे येत राहिले. टाच शेवटपर्यंत ताठच राहिली, म्हणून पेन्शन सुरू झाली. दादाला दंड बसला, शिवाय विम्याने उपचाराचा खर्च त्याच्याकडून वसूल करायला घेतला. आपल्या पोरीने आपल्याच माणसाला बुडवलं, असं तो सगळीकडे सांगत सुटला. मला दिवाळीचं आमंत्रण बंद झालं. 'यांच्यात हक्काचं फार असतं,' असं वहिनी म्हणाल्याचं कानावर आलं. असतंच. नसतं तर मीही कुणाच्या मिक्सरला नमस्कार करत बसले असते.

तुम्हाला दुसऱ्यांदा विचारणारं कोणी भेटलं नाही, अशी तुमची बाजू मला घेता येईल. पण मास्तर होतेच की. शंभरदा विचारलं असतं तरी तुम्ही छप्परच सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं, आणि आजही संताप येतो. हे पत्र आईला फोनवर वाचून दाखवायचं ठरवलं होतं, ते आता नाही दाखवणार. कारण तो माणूस गप्प बसला होता तेव्हाचं मी तिला सांगितलेलं नाही. दुभाष्याने आपल्या पदरचं बोलायचं नसतं, पण माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "आप्पा, बोला ना." बाईंना वाटलं, तेही हिंदीच. त्याला शब्द कळले नसतील. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तो बोलला.