मोगराच्या कासेचा इलाज

१ डिसेंबर २००३, सकाळी
२६ जानेवारीला जिल्ह्याची दूध स्पर्धा. पहिला नंबर मोगराचा. यात चर्चा नको. आनंदवलीत घरामागे गोठा बांधला तेव्हा लोक हसले. म्हणाले, धनराज, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालास, आता नातवंडं सांभाळ. गोठ्यात तीन गाई, पण मोगरा ती मोगरा. काळीपांढरी, स्वभावाने गरीब, कास घागरीएवढी. हिच्यावर माझा जीव आहे. बायकोला, आशाला, हे सांगत नाही.

४ डिसेंबर
मोगराच्या एका सडात गाठ. दुधात कणी. म्हणजे कासदाह. घाबरण्यासारखं काही नाही. सरकारी दवाखान्यात तृप्ती मॅडम म्हणून नव्या डॉक्टर आल्यात, वय आमच्या सुनेएवढं. बोलावलं नाही. ज्याने आयुष्यभर नोटांच्या शाईतले दोष पकडले, त्याला एक सड कळू नये? पंचवटीतल्या औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या ट्यूबा आणल्या. सडात सोडायच्या. कोर्स पाच दिवसांचा.

६ डिसेंबर
गाठ गायब! कोर्स बंद. बऱ्या झालेल्या जनावराला औषध देणं म्हणजे जेवून उठलेल्याला परत वाढणं. उरलेल्या ट्यूबा फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यामागे. खोक्यावर छापलंय, औषध संपल्यावरही काही दिवस दूध विकू नये. कंपन्या घाबरट असतात. दूध पांढरं, चव गोड. सगळीकडे घातलं.

९ डिसेंबर
सुमनबाईंची तक्रार. यांची गंगापूर रोडला खाणावळ, दूध आमचं. म्हणाल्या, भाऊ, दह्याचा पत्ता नाय. रातच्याला विरजण लावते, सकाळी दूध हाय तसंच. समजावलं, नाशिकची थंडी आहे, पातेलं गोधडीत गुंडाळा.

१० डिसेंबर
गुंडाळलं. पातेलं कलंडलं, गोधडी धुवावी लागली. दही नाहीच. म्हटलं, विरजण बदला.

१२ डिसेंबर
सुमनबाईंनी दुसरीकडचं दूध आणून त्याच पातेल्यात, त्याच विरजणाने, गोधडीशिवाय लावलं. लागलं. माझ्या दारात येऊन पातेलं उलटं धरून दाखवलं. एक थेंब खाली पडला नाही. गल्ली बघत होती. माझं मत: त्या दुधात पावडर असणार.

१५ डिसेंबर
गाठ परत. शेजारच्या सडालाही. सगळ्या कासा मी रोज फडक्याने पुसतो, तरी असं कसं? ट्यूबा फ्रिजमधून काढल्या. दोन्ही सडांत निम्मी निम्मी. कणीचं दूध फेकायचं जिवावर आलं, वासराला पाजलं.

१७ डिसेंबर
सूज उतरली. अर्ध्या औषधात! डॉक्टर लोक उगाच पूर्ण कोर्स पूर्ण कोर्स करतात. राहिलेलं बाकीच्या दोन गाईंच्या सडांत सोडून टाकलं. त्या आजारी नाहीत. होऊ नयेत म्हणून.

२३ डिसेंबर
तिसरा सड. योगायोग. पंचवटीच्या दुकानदाराने हायपॉवर इंजेक्शन दिलं. मानेत मीच टोचलं. सुई वाकडी गेली, परत टोचलं, परत टोचलं. मोगरा थरथरत होती. हळूहळू सवय होते. मला, असं म्हणायचंय.

शेजारचे इसाकभाई आले. त्यांचा म्हशींचा तबेला. त्यांच्याही म्हशीची कास सुजली आहे. म्हणाले, धनराजभाऊ, तुमच्या गोठ्याचं पाणी गटारीतून माझ्याच हौदाशी उतरतं, उसकी वजह से तो नहीं? हसून उडवलं. माझी उरलेली अर्धी बाटली त्यांना दिली. शेजारधर्म.

३१ डिसेंबर
नव्या वर्षाचा संकल्प: स्पर्धा जिंकल्यावर शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शन शिबिर घ्यायचं. विषय: घरच्या घरी पशुवैद्यक. भाषणाची सुरुवात तयार आहे. मोगराचे सड तेवढे बरे व्हायचेत.

३ जानेवारी २००४
आशाने मला न विचारता तृप्ती मॅडमना बोलावलं. मॅडमनी कोणतं औषध, किती, कधी थांबवलं, सगळं विचारलं. मीही सगळं सांगितलं, थोडं अभिमानाने. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, काका, अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. मग विचारलं, कासा कशाने पुसता? म्हटलं, स्वच्छ फडक्याने. तिन्ही गाईंना एकच, घट्ट पिळून. मॅडमनी डोळे मिटले. डोकं दुखत असावं.

आशाने मुद्दाम दह्याचा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, दुधात अँटिबायोटिक असेल तर विरजणातले जीवच मरतात, दही लागणार कसं? आशाने माझ्याकडे बघितलं. मी थंडीचा मुद्दा पुन्हा मांडला. दूध, फडकं, गटार आणि इसाकभाईंचा हौद, सगळ्यांचे नमुने नेलेत.

८ जानेवारी
मॅडमनी तपासणीच्या बश्या दाखवल्या. बशीत जंतू वाढवतात, वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. जे औषध लागू पडतं, त्याच्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. आमच्या बशीत एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. म्हटलं, म्हणजे आपण पास? त्या म्हणाल्या, जंतू पास झाले, काका. फडक्यावर तेच, गटारीत तेच, इसाकभाईंच्या हौदातही तेच. आता सुई बंद. शेक द्या, कास सारखी पिळून रिकामी करा, ते दूध चुना टाकून खड्ड्यात ओता. किती सड वाचतील, सांगता येत नाही.

इसाकभाई तिथेच होते. मी दिलेली बाटली माझ्या हातात परत ठेवली आणि निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० जानेवारी
मॅडम पुस्तकी आहेत. गुपचूप पंचवटीत जाऊन सगळ्यात भारी इंजेक्शन मागितलं. दुकानदारसुद्धा कचरला. म्हणाला, हे माणसांना आयसीयूत देतात. म्हटलं, मोगरा माणसाहून कमी आहे का? आशा देवळात गेली होती. टोचलं.

१४ जानेवारी
संक्रांत. सुमनबाईंनी तिळगूळ घेतला, दूध घेतलं नाही. मोगराला ताप. तीन सड दगड. दुधाऐवजी पाणी आणि रक्ताचे धागे. घास तोंडाजवळ धरला, तोंड फिरवलं. बसलीये ती उठत नाही. मला भीती वाटते आहे. स्पर्धेची नाही.

१९ जानेवारी
ताप उतरला. उठली. पेंड खाल्ली. इंजेक्शनचा गुण, असं मी म्हणणार होतो. पण चार दिवस शेक द्यायला आणि पिळायला आशा बसली होती, तिच्या हाताला फोड आलेत. म्हटलं नाही. मॅडमनी तपासलं. तीन सड कायमचे गेले. मी सांत्वनाला जवळ गेलो, मोगराने लाथ घातली. हातात सुई नव्हती, पाण्याची बादली होती.

२६ जानेवारी, दुपारी
स्पर्धा झाली. ओझरची कुठलीशी गाय पहिली. संयोजकांनी फोनवर विचारलं, मोगरा का आली नाही? विश्रांती घेते आहे म्हटलं.

चौथ्या सडातून दूध येतंय. मॅडम म्हणाल्या, स्वच्छ आहे, वासरापुरतं होईल. पण तेवढंही मी समोर असलो की येत नाही. मोगरा मला बघते आणि पान्हा चोरते. आशा एकटी बसली की सोडते. म्हणून धारेच्या वेळी मला फाटकाबाहेर काढलंय. माझा वास तिला जाऊ नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं राहायचं, अशी आशाची ऑर्डर. फार वाईट वाटतं. उभ्या उभ्या हे लिहितो आहे.

आत्ता चरवीत पहिली धार वाजली. मला खोकला येत होता. दाबला.